गोळीचे घड्याळ आणि उंबऱ्याशी थबकणारे पाय

११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांचा जन्मदिवस. त्यांनी १८१७ साली एका छोट्या निबंधात पार्किन्सन्स, म्हणजे आपल्याकडचा कंपवात, या आजाराचे वर्णन केले, म्हणून हा दिवस जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने एप्रिलच्या अंकात आम्ही वाचकांकडून पार्किन्सन्सविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत निदानाविषयी फारच थोडे होते. बहुतेकांनी विचारले होते ते औषधाच्या वेळा, घरातले दारउंबरे, जेवणाचे ताट आणि घरातली चिडचिड यांविषयी. उत्तरे देणाऱ्या लेखिका व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहेत, म्हणजे रोजची कामे रुग्णाला स्वतः करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या. औषधाची मात्रा ठरवणे हे या सदराचे काम नाही. ते आपल्या न्यूरॉलॉजिस्टकडेच राहू द्यावे.

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे असून त्यांना पार्किन्सन्स होऊन सात वर्षे झाली. सकाळी नऊच्या सुमारास ते शर्टाची बटणे स्वतः लावतात, अंगणात फेऱ्या मारतात, आणि दुपारी साडेबाराला त्याच माणसाला खुर्चीतून उठवायला दोघे जण लागतात. यजमानांचे म्हणणे असे, की सकाळी जमते ते दुपारी न जमायला काय झाले, हा निव्वळ हट्ट आहे. यावरून घरात रोज वाद होतो आणि मामंजी जेवायचेच थांबतात.
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : हे उत्तर आधी यजमानांना वाचून दाखवावे. सकाळी जमते आणि दुपारी जमत नाही, ही या आजाराचीच खूण आहे, हट्टाची नव्हे. हालचालींना वेग आणि सफाई देणारे डोपामिन नावाचे द्रव्य मेंदूतल्या काही ठरावीक पेशी तयार करतात. त्या पेशी हळूहळू मरत जातात आणि लक्षणे डोळ्यांना दिसू लागतात तोवर त्यांतल्या बऱ्याच नाहीशा झालेल्या असतात. लेव्होडोपा हे या आजारावरचे मुख्य औषध. त्याच्या गोळीतून मेंदूला डोपामिन तयार करण्याचा कच्चा माल मिळतो. पहिली काही वर्षे उरलेल्या पेशी हा माल साठवून पुरवून वापरतात, त्यामुळे एखादी गोळी उशिरा घेतली तरी फारसे बिघडत नाही. पुढे मात्र ही कोठारे रिकामी होतात. रक्तातले लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्म्यावर येते, आणि मग रुग्णाचे शरीर त्या चढउताराबरोबर चढते-उतरते. डॉक्टर याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. घरोघरी ‘गोळी लागली’ आणि ‘गोळी उतरली’ असे म्हणतात, आणि मला तेच शब्द अधिक नेमके वाटतात. गोळी उतरली की हातपाय जड होतात एवढेच नव्हे, तर कित्येकांना घाम फुटतो, छातीत धडधडते, विनाकारण भीती वाटू लागते. अशा वेळी ‘सकाळी तर चांगले चालत होतात’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार करावा.

आता करण्यासारखे. एक साधी वही घ्यावी आणि आठ दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत, दर अर्ध्या तासाला एक शब्द लिहावा : मोकळे, जड, किंवा अंग आपोआप हलते आहे. त्याच वहीत गोळी प्रत्यक्ष कधी घेतली आणि जेवण कधी झाले हेही लिहावे. डॉक्टर रुग्णाला दहा-पंधरा मिनिटे पाहतात, आणि बहुतेक रुग्ण घरून निघताना गोळी घेऊनच येत असल्यामुळे दवाखान्यात ते ठणठणीत दिसतात. दुपारी साडेबाराचे मामंजी डॉक्टरांनी कधी पाहिलेलेच नसतात. ते या वहीतून दिसतील. गोळ्यांमधले अंतर कमी करणे, जोडीला दुसरे औषध देणे असे बरेच उपाय त्यांच्या हाती आहेत.

गोळी कशाबरोबर घेतली जाते तेही पाहावे. औषध दुधाबरोबर घेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि या गोळीला नेमकी तीच बाधते, कारण प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात शिरण्यासाठी एकच दार वापरतात आणि त्या गर्दीत गोळी मागे राहते. सर्वसाधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा एक तासानंतर, पाण्याबरोबर गोळी घेतलेली बरी. एकादशीला शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन लगेच गोळी घेतली आणि ती लागलीच नाही, असे सांगणारे रुग्ण मला भेटले आहेत. दुपारी गोळी लागत नसेल तर डाळ, पनीर, अंडी यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यावा, असे काही जणांना सुचवले जाते. मात्र प्रथिने बंद करू नयेत. या आजारात वजन आधीच उतरत असते. लोहाची गोळी चालू असेल तर तिची आणि लेव्होडोपाची वेळ वेगळी ठेवावी. बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करू नये, कारण पोट साफ नसले की गोळीही रेंगाळते.

आंघोळ, दाढी, बँकेतली सही ही कामे गोळी लागलेल्या वेळेत बसवावीत. बटणे लावायला त्यांना बारा मिनिटे लागत असतील तर घराने बारा मिनिटे थांबावे. ती आपण दीड मिनिटात लावून दिली, तर वर्षभरात त्यांचे हात ते काम विसरतात.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे. ही औषधे एकाएकी बंद करायची नसतात. तसे केल्यास अंग ताठ होऊन तीव्र ताप येण्याची आणि जिवावर बेतण्याची शक्यता असते. दुसऱ्या कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल करावे लागले तर गोळ्यांच्या वेळांचा कागद बरोबर न्यावा आणि ‘दिवसातून चार वेळा’ एवढ्यावर न थांबता नेमक्या घड्याळाच्या वेळा परिचारिकेला सांगाव्यात.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या दारात आले की यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मी हात धरून ओढते. दोनदा आम्ही दोघेही पडलो. गंमत म्हणजे जिना मात्र ते व्यवस्थित चढतात, त्यामुळे शेजारच्यांना माझे बोलणे खरे वाटत नाही.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण ज्याला गंमत म्हणता त्यातच उपाय दडलेला आहे. चालणे ही एरवी आपोआप चालणारी क्रिया आहे, आणि या आजारात बिघडते ती नेमकी आपोआप चालणारी यंत्रणा. डोळ्यांसमोर ठळक खूण आली, कानावर ताल पडला किंवा मनाने ‘आता हे पाऊल’ असे ठरवले, की मेंदू दुसऱ्या वाटेने तेच काम करू शकतो. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशी एक खूण असते. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत हेच पाहिले. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना सहज उतरतात हे लक्षात आल्यावर त्यांनी पायऱ्यांचा भास होईल असे चित्र जमिनीवर पसरले, आणि काका त्यावरून न थबकता चालत गेले. आपल्याला चित्र काढायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी रंगीत चिकटपट्टी आणावी आणि दाराच्या अलीकडे-पलीकडे, चालण्याच्या दिशेला आडव्या, साधारण दीड फुटाच्या अंतराने चार-पाच पट्ट्या चिकटवाव्यात. फरशीच्या रंगापेक्षा त्यांचा रंग अगदी वेगळा हवा. चालताना पट्टीवर पाय न देता ती ओलांडायची, एवढेच त्यांना सांगावे.

हात धरून ओढणे आजपासून बंद करावे. पाय जागच्या जागी आणि धड पुढे, अशा अवस्थेत माणूस पडणारच, आणि आपल्यालाही घेऊन पडेल. पाय चिकटले की आधी पूर्ण थांबू द्यावे. मग ताठ उभे राहून शरीराचे वजन एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायावर न्यायला सांगावे, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत मोठे पाऊल टाकायला लावावे. आपण समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. काहींना आपला पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवला की तो ओलांडताना पाऊल सुटते. तालाचेही तसेच. आयुष्यभर वारी केलेल्या एका आजोबांची पावले ‘ज्ञानोबा-तुकाराम’च्या ठेक्यावर सुटत, त्यांची नात दारातून टाळ्या वाजवत असे. ताल कोणता हे रुग्णाने ठरवावे, आपण नव्हे.

वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ नये; एसटीची गाडी स्थानकात वळते तसे मोठे वळण घ्यावे. चालताना बोलायला लावू नये, हातात चहाचा कप देऊ नये, फोन वाजला तर आधी थांबावे आणि मग उचलावा, कारण चालण्याकडे दिलेले लक्ष दुसरीकडे गेले की पाय पुन्हा चिकटतात. पायपुसणी आणि सुटे गालिचे काढून टाकावेत. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवावा आणि रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते वेगळे लक्षण आहे : या आजारात कित्येकांचा रक्तदाब उभे राहताच उतरतो. बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्यावा.

प्रश्न : आईला (वय ६३) चक्कर येते म्हणून वर्षापूर्वी एक गोळी सुरू झाली आणि ती आजतागायत चालू आहे. आता तिचे दोन्ही हात थरथरतात, चाल मंदावली आहे. हा पार्किन्सन्सच असेल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : असेलही, पण त्याआधी त्या गोळीचे नाव पाहावे. चक्करेसाठी दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, आम्लपित्ताच्या जोडगोळीत बरेचदा असणारी लेव्होसल्पिराइड, तसेच मानसिक आजारांवरची काही औषधे मेंदूतील डोपामिनचा मार्ग अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणे निर्माण करतात. पार्किन्सन्स बहुधा एका बाजूने सुरू होतो. औषधाने आलेला कंप बरेचदा दोन्ही बाजूंना असतो, पण हा नियम पक्का नाही. औषध थांबवल्यावर लक्षणे बहुतेकांत ओसरतात, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. गोळी स्वतः बंद न करता रिकाम्या पाकिटासह न्यूरॉलॉजिस्टकडे जावे. ज्यांना पार्किन्सन्स असल्याचे नक्की झाले आहे त्यांनीही या औषधांची नावे लिहून पाकिटात ठेवावीत, कारण मळमळ किंवा आम्लपित्त म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेले की हीच औषधे हातात पडतात.

प्रश्न : खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण घेतले तर गोळ्या बंद करता येतील का? आयुर्वेदात कंपवातावर ते सांगितले आहे.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : या बियांत लेव्होडोपा असते, ही ऐकीव गोष्ट नसून सिद्ध झालेली आहे. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढले. माणसांच्या पार्किन्सन्सवर त्याचा उपयोग होतो हे त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी कळू लागले. या चूर्णाच्या मात्रेने रुग्णांच्या हालचाली मोकळ्या होतात असे काही लहान, अल्पकाळाच्या अभ्यासांत दिसलेही आहे. म्हणूनच मी त्याला निरुपद्रवी वनस्पती मानत नाही. ते औषध आहे, आणि बाजारातल्या कोणत्या डबीतल्या चमचाभर चूर्णात ते किती आहे हे कोणालाच नेमके सांगता येत नाही. गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपासारखे द्रव्य असते, त्यामुळे मेंदूत पोहोचण्याआधीच औषध वाया जात नाही आणि मळमळ कमी होते. चूर्णात ती सोय नाही. गोळी आणि चूर्ण दोन्ही घेतले तर मात्रा वाढून हातपाय अनावर हलू लागतात, आणि डॉक्टरांना चूर्णाचे ठाऊक नसेल तर तो दोष ते गोळीला देतात. घ्यायचेच असेल तर लपवून घेऊ नये, एवढे तरी करावे.

प्रश्न : बाबा आयुष्यभर काटकसरीने राहिले. गेल्या चार महिन्यांत त्यांनी रात्री जागून फोनवरून अकरा टॉर्च आणि तीन मिक्सर मागवले आहेत, आणि पेन्शनमधून लॉटरीची तिकिटे घेतात. विचारले की चिडतात. आईला वाटते, म्हातारपणी बुद्धी फिरली.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : त्यांना प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या गटातले औषध सुरू आहे का, किंवा त्याची मात्रा अलीकडे वाढली आहे का, हे आजच पाहावे. डोपामिनची नक्कल करणाऱ्या या औषधांमुळे काही रुग्णांत खरेदी, जुगार, खाणे किंवा कामवासना यांची अनावर ओढ निर्माण होते. शेवटची गोष्ट घरातले लोक संकोचाने बोलत नाहीत, आणि ती सोसते बहुधा पत्नीच; म्हणून डॉक्टरांशी आईला एकटीने बोलू द्यावे. हा स्वभावाचा दोष नाही. औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर ही ओढ बहुतेकांत ओसरते, पण ते टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. तोवर फोनला जोडलेल्या खात्यात थोडेच पैसे ठेवावेत आणि तसे करण्याचे कारण बाबांना स्पष्ट सांगावे.

प्रश्न : नऊ वर्षे मी यांचे सर्व करते आहे. या काळात माहेरच्या एकाही लग्नाला गेले नाही. नातेवाईक कौतुक करतात, पण दोन तास येऊन कोणी बसत नाही. मला आता त्यांचा राग येऊ लागला आहे आणि त्या रागाची लाज वाटते.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : राग येतो त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, नऊ वर्षांत तो आला नसता तरच आश्चर्य. ‘काही लागले तर सांगा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना यापुढे नेमके सांगावे : ‘गुरुवारी चार ते सहा तुम्ही येऊन बसा, साडेचारची गोळी द्यायची आहे.’ मोघम मागणीला मोघम उत्तर मिळते. आपण पुण्यात आहात, तेव्हा पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला दोघांनी मिळून जावे. मुंबईत २००१ पासून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही आधारगट चालवते. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले, त्यांतून अनेकांच्या चालण्यात आणि त्याहून अधिक चेहऱ्यांत फरक पडला. सभेला गेल्यावर यजमानांना आपल्यासारखी माणसे भेटतील, आणि मागच्या रांगेत बसलेल्या बायकांत आपल्याला आपल्यासारख्या भेटतील. त्या मागच्या रांगेतले बोलणे मला नेहमीच व्यासपीठावरच्या भाषणापेक्षा उपयोगी वाटत आले आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणित झाले तर कायद्याने ठरवलेले लाभ मिळू शकतात. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, सरकारी संकेतस्थळावर भरता येतो. तपासणी शासकीय रुग्णालयात होते. तपासणीला जाताना पहिल्या उत्तरातली वही बरोबर न्यावी, नाहीतर तिथेही गोळी लागलेलेच यजमान दिसतील.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण आहे, वय ७१. माझे बोलणे कोणाला ऐकू जात नाही, सगळे ‘काय?’ म्हणतात. पंगतीत ठसका लागतो, लाळ गळते. म्हणून पुतण्याच्या लग्नाला जायचे नाही असे ठरवले आहे. अक्षर लहान आहे, क्षमा करावी.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपले पत्र मी भिंग घेऊन वाचले. पहिली ओळ सहज लागली, पानाच्या तळाशी अक्षर मुंगीएवढे झाले होते. आवाजाचेही हेच होते : वाक्याची सुरुवात ठीक आणि शेवट तोंडातल्या तोंडात. आपल्याला वाटते की आपण नेहमीच्या आवाजात बोलत आहोत. मेंदूचे माप चुकलेले असते. त्यामुळे ‘स्पष्ट बोला’ या सूचनेचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो ‘मोठ्याने बोला’ या एकाच सूचनेचा. वाचा-उपचारातील एलएसव्हीटी ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. त्यात चार आठवड्यांत एकेक तासाची सोळा सत्रे असतात. तज्ज्ञ जवळ नसेल तर ऑनलाइन सत्रांची चौकशी करावी. तोवर रोज गोळी लागलेल्या वेळेत वर्तमानपत्रातला एक मजकूर अंगणापलीकडच्या माणसाला ऐकवायचा आहे अशा आवाजात वाचावा. आपल्याला तो ओरडल्यासारखा वाटेल, ऐकणाऱ्याला साधा वाटेल.

ठसक्यासाठी गिळण्याची तपासणी करून घ्यावी, विशेषतः पाणी पिल्यावर आवाज ओला येत असेल, वजन उतरत असेल किंवा छातीत वारंवार कफ होत असेल तर. जेवताना ताठ बसावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, घास लहान घ्यावा आणि तो पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा घेऊ नये. कोरडा चिवडा, फुटाणे, आणि घन-पातळ एकत्र असलेली मिसळ हे पदार्थ सर्वांत अधिक अडतात. मऊ भात, दाट वरण, खिमटी सोपी जाते. लाळ अधिक तयार होत नसते, ती गिळण्याचे आपोआप होणारे काम मंदावलेले असते. दर थोड्या वेळाने ओठ मिटून आठवणीने गिळावे.

लग्नाला अवश्य जावे. पंगतीच्या गर्दीआधी, आपली गोळी लागलेली असताना, एका कोपऱ्यात टेबलखुर्चीवर जेवण मागून घ्यावे. रत्नागिरीत पाहुण्याला कोणी नाही म्हणणार नाही. आहेराच्या पाकिटावर नाव मात्र स्वतःच घालावे. त्यासाठी आणि मला पाठवायच्या पुढच्या पत्रासाठी शाळेच्या वहीतला दुरेघी कागद घ्यावा, प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला टेकवावे, आणि तीन शब्दांनंतर पेन उचलून हात मोकळा करून मग चौथा शब्द लिहावा.